टोकामॅकच्या आतला टर्ब्युलन्स मोजतात कसा, आणि त्यावरून उष्णता किती गळते हे कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा की टोकामॅकमध्ये (फ्युजनसाठी चुंबकी क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून ठेवणारं मेदूवड्याच्या आकाराचं मशीन) दहा-पंधरा कोटी डिग्रीचा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, असतो, त्यात थर्मामीटर घालायची सोय नाही, मग पेपरांमध्ये "टर्ब्युलन्स मोजला" असं लिहितात तो मोजतात कशाने, आणि तो मोजला की उष्णता बाहेर किती जातेय हेही मोजलं गेलं असं धरायचं का. विचारणारा एमएस्सी फिजिक्सला आहे म्हणून थोडे आकडे येतील, घाबरू नका.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. गरम टोकामॅकच्या गाभ्यात टर्ब्युलन्स अमुक ठिकाणी अमुक इतकी उष्णता ढकलतोय असं थेट दाखवणारं उपकरण रोजच्या वापरात कुणाकडेच नाही. आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एका बाजूला हिशोबातून काढलेली एकूण उष्णता आणि दुसऱ्या बाजूला घनतेची, तापमानाची बारीक थरथर. या दोन्हींची गाठ घालायला मधे एक तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे फेज, आणि खरी मारामारी तिच्यावर आहे. ते पुढे येईलच.

आधी हिशोब. प्लाझ्मात पॉवर किती घातली (करंटमुळे होणारी ओहमिक हीटिंग, वेगवान तटस्थ अणूंचा झोत म्हणजे न्यूट्रल बीम, मायक्रोवेव्ह), त्यातली रेडिएशनने किती गेली, इलेक्ट्रॉनकडून आयनांकडे किती गेली, साठलेली ऊर्जा किती बदलतेय, हे सगळं वजा केलं की उरलं ते त्या चुंबकी पृष्ठातून (क्षेत्ररेषा ज्यांवर राहतात अशा एकात एक बसलेल्या थरांपैकी एक) बाहेर गेलं. त्याला घनता आणि तापमानाच्या ग्रेडियंटने भागायचं, मिळाली थर्मल डिफ्युझिव्हिटी, म्हणजे उष्णता किती झपाट्याने पसरते याचं माप. मध्यम आकाराच्या टोकामॅकात ती साधारण १ चौरस मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येते. कणांच्या नुसत्या टकरी आणि चुंबकी क्षेत्राचा वळसा धरून जो निओक्लासिकल आकडा निघतो तो आयनांसाठी याहून बराच कमी असतो, आणि इलेक्ट्रॉनसाठी तर शंभरेक पटीने कमी. या फरकाला लोक वर्षानुवर्षं "अ‍ॅनॉमलस ट्रान्सपोर्ट" म्हणत आले आणि तो टर्ब्युलन्समुळे येतो हे आता सगळेच मानतात.

पण हा हिशोब दिसतो तितका साधा नाही. उदाहरण घ्या, घनता जास्त आहे, इलेक्ट्रॉनचं तापमान २.० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि आयनांचं १.९ (१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.१६ कोटी डिग्री). या दोघांमध्ये उष्णतेची देवघेव त्यांच्या फरकावर आणि घनतेच्या वर्गावर ठरते. आता दोन्ही मोजमापांत पाच-पाच टक्के एरर धरा, जी अजिबात वाईट नाही, तर फरक अधिक आहे की उणा हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही! म्हणजे एकूण उष्णता बरोबर असेल पण त्यातली इलेक्ट्रॉनवाटे किती आणि आयनांवाटे किती ही वाटणी पार कोसळते. म्हणून कुणी इलेक्ट्रॉन हीट फ्लक्सचा सुंदर ग्राफ दाखवला की मी आधी घनता किती होती ते विचारतो.

तापमानाची प्रोफाइल मिळते ती मुख्यतः थॉमसन स्कॅटरिंगमधून, लेसर सोडायचा आणि इलेक्ट्रॉनवरून विखुरलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम किती रुंदावला ते बघायचं. याचा किस्सा फिल्डमध्ये सगळ्यांना पाठ असतो. १९६८ साली नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत लोकांनी टी-३ टोकामॅकवर १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तापमान मिळाल्याचं सांगितलं, पाश्चात्य लोकांचा विश्वास बसेना, मग सोव्हिएत टोकामॅक कार्यक्रमाचे प्रमुख आर्त्सिमोविच यांनी चक्क ब्रिटनच्या कलहम प्रयोगशाळेच्या टीमला लेसरसकट मॉस्कोला बोलावलं आणि १९६९ मध्ये त्यांनी मोजून आकडा खरा असल्याचं दाखवलं. शीतयुद्धाच्या काळात, बरं का. पण थॉमसन सरासरी प्रोफाइलसाठी, त्याचे लेसर सेकंदाला साधारण काही दहा वेळा उडतात आणि टर्ब्युलन्स सेकंदाला लाखभर वेळा हलतो, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही.

आता टर्ब्युलन्स म्हणजे नक्की किती मोठा. २ टेस्ला क्षेत्र आणि २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा ड्युटेरियम धरला तर आयन साधारण ३ मिलिमीटर त्रिज्येने गिरक्या घेतात. आयन-तापमानाच्या ग्रेडियंटमधून उठणारी अस्थिरता (आयटीजी म्हणतात) आणि क्षेत्राच्या कमकुवत भागात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची (टीईएम) यांचे भोवरे याच्या काही पट, म्हणजे एक ते तीन सेंटिमीटर. इलेक्ट्रॉन-तापमानाच्या ग्रेडियंटचे भोवरे, ईटीजी, त्याहून ६० पट बारीक, कारण वस्तुमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ तेवढं येतं. गाभ्यात घनतेची थरथर एक टक्क्याच्या आसपास किंवा कमीच, कडेला दहा-वीस-पन्नास टक्के. म्हणजे कडेला मोजणं सोपं, पण तो भाग थंड, आणि जिथे फ्युजन होणार तिथे एक टक्का शोधत बसायचं.

कडेला प्रोब घालता येतो. टंगस्टनची किंवा ग्राफाइटची काही मिलिमीटरची टोकं, बस्स. एका टोकाला निगेटिव्ह बायस देऊन आयन सॅच्युरेशन करंट घ्यायचा, त्यावरून घनता, बाजूची दोन टोकं तरंगती ठेवायची, त्यांच्या व्होल्टेजच्या फरकावरून विद्युत क्षेत्र, आणि दोन्हींचा क्षणाक्षणाचा गुणाकार करून सरासरी काढली की कणांचा फ्लक्स. (यात तापमानाची थरथर दुर्लक्षून चालेल असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते नेहमी चालतंच असं नाही.) आपल्याकडे गांधीनगरजवळच्या भाट इथल्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये आदित्य टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला, मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर, छोटी २५, आणि त्याच्या कडेला प्रोबने घेतलेल्या डेटावरून झा, काव आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये दाखवलं की कडेचा टर्ब्युलन्स साधा गॉसियन नॉइज नाही, तो झटक्याझटक्याने येतो, इंटरमिटंट आहे. आज "ब्लॉब" (कडेवरून सुटून बाहेर जाणारा दाट प्लाझ्माचा गोळा) हा शब्द कुठल्याही एज फिजिक्सच्या टॉकमध्ये पाच मिनिटांत येतो, तेव्हा असं नव्हतं. लहान मशीनवर, साध्या प्रोबने, इतकं महत्त्वाचं काम होऊ शकतं हे मला अजूनही फार आवडतं.

आता ती फेज. उष्णता बाहेर जाते ती नुसती थरथर आहे म्हणून नाही. ज्या क्षणी प्लाझ्मा बाहेरच्या दिशेने सरकतोय त्याच क्षणी तो सरासरीपेक्षा गरम असेल आणि आत येताना थंड असेल तरच नक्त उष्णता बाहेर पडते. दादरला लोकलच्या दारात केवढी रेटारेटी होते, पण जितके उतरले तितकेच चढले तर डब्यातली गर्दी जैसे थे, तसंच हे. तापमान आणि वेग यांच्यात ९० अंशांची फेज असेल तर थरथर कितीही मोठी असो, फ्लक्स शून्य. म्हणून "फ्लक्चुएशन निम्मं झालं म्हणजे ट्रान्सपोर्ट निम्मा झाला" हे वाक्य, जे अनेक प्रेझेंटेशनमध्ये सहज टाकलं जातं, ते आपोआप खरं नसतं.

गाभ्यात वेगाची थरथर मिळवायची तर पोटेन्शियल मोजायला हवं. त्यासाठी जड आयनांचा बीम आरपार सोडायची पद्धत आहे, टेक्सासच्या टेक्स्ट टोकामॅकवर तिने बरंच काम झालं, घनता आणि पोटेन्शियल दोन्ही मिळतात, पण क्षेत्र आणि आकार वाढला की बीमची एनर्जी एवढी लागते की मोठ्या मशीनवर ते परवडत नाही. त्यामुळे आपण तापमान आणि घनता यांच्यावरच भागवतो.

इलेक्ट्रॉनच्या तापमानासाठी माझ्या मते सगळ्यात देखणी पद्धत म्हणजे कोरिलेशन ईसीई (ईसीई म्हणजे इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन एमिशन), जरा खोलात सांगतो. इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात गिरकी घेताना मायक्रोवेव्ह सोडतात, फ्रिक्वेन्सी दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ, आपण तिची दुप्पट म्हणजे सेकंड हार्मोनिक ऐकतो. टोकामॅकचं क्षेत्र आतून बाहेर कमी होत जातं, म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक जागा. सॅन दिएगोच्या डीथ्री-डीसारखं मशीन घ्या, १.७ मीटरवर २ टेस्ला, तर २.० मीटरवर क्षेत्र १.७ टेस्ला आणि फ्रिक्वेन्सी साधारण ९५ गिगाहर्ट्झ, आणि तिथे एक सेंटिमीटर सरकलं की फ्रिक्वेन्सी जवळजवळ अर्ध्या गिगाहर्ट्झने बदलते. प्लाझ्मा तिथे पुरेसा "जाड" असेल, म्हणजे या फ्रिक्वेन्सीचं रेडिएशन पुरतं शोषून घेत असेल, तर तो ब्लॅकबॉडीसारखा वागतो आणि रेडिएशनची ताकद म्हणजेच इलेक्ट्रॉनचं तापमान. इथपर्यंत सगळं छान.

अडचण अशी की ब्लॅकबॉडी रेडिएशन स्वतःच नॉइज आहे. २०० मेगाहर्ट्झचा फिल्टर लावला आणि सिग्नल १ मेगाहर्ट्झपर्यंत बघितला तर ही थर्मल नॉइज दहा टक्के येते, फॉर्म्युला दोन गुणिले व्हिडिओ बँडविड्थ भागिले फिल्टरची बँडविड्थ, त्याचं वर्गमूळ. शोधायचंय काय, तर एक टक्का किंवा त्याहून कमी. अ‍ॅम्प्लिफायर कितीही महागाचा आणा, ही नॉइज त्याची नाहीच, ती फिजिक्सची आहे. उपाय असा की ३०० मेगाहर्ट्झ अंतरावर दोन फिल्टर लावायचे, म्हणजे प्लाझ्मात ६ मिलिमीटर अंतर. भोवरा एक-दोन सेंटिमीटरचा, त्यामुळे दोघांनाही तो एकच भोवरा दिसतो, पण थर्मल नॉइज दोन वेगळ्या बँडमधली म्हणून एकमेकींशी संबंध नसलेली. दोन्ही सिग्नल गुणून लांबलचक सरासरी घेतली की नॉइज विरघळते आणि भोवऱ्याचं तेवढं उरतं. फिल्टर फार जवळ आणले की बँड एकमेकांवर चढतात आणि खोटं कोरिलेशन मिळतं, फार लांब नेले तर भोवराच वेगळा. ही मधली जागा फार अरुंद असते, आणि प्रयोगाच्या दिवशी क्षेत्र बदललं की ती पुन्हा शोधायची.

आणि सरासरी लांब म्हणजे किती, तर सेकंद-अर्धा सेकंद तरी. तेवढा वेळ प्लाझ्मा हलता कामा नये. मधे एखादा सॉटूथ आला (गाभ्याचं तापमान हळूहळू चढून झटकन पडतं ते), घनता सरकली, की ती सरासरी कशाची आहे देव जाणे. शिवाय कडेकडे प्लाझ्मा विरळ झाला की तो पुरेसा जाड राहत नाही आणि ज्याला तुम्ही तापमानाची थरथर म्हणताय त्यात घनतेची थरथर मिसळलेली असते. लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरमध्ये फ्रिक्वेन्सी खाली आणणारा सोर्स) दोन्ही चॅनलना एकच, त्याची नॉइजही दोन्हींत सारखीच, म्हणून प्लाझ्माऐवजी नॉइज सोर्स लावून कोरिलेशन शून्य येतंय ना हे आधी बघायचंच, याला पर्याय नाही.

घनतेसाठी बीम एमिशन स्पेक्ट्रोस्कोपी. हीटिंगसाठी जो न्यूट्रल बीम आधीच मारतोय त्याचे अणू प्लाझ्मात आदळून चमकतात, त्यांचा प्रकाश डॉप्लरमुळे कडेच्या स्थिर हायड्रोजनच्या प्रकाशापासून थोडा सरकलेला असतो, म्हणून फिल्टरने वेगळा करता येतो. १९९०च्या दशकात प्रिन्स्टनच्या टीएफटीआरवर फॉन्क यांच्या टीमने यावर खूप काम केलं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की प्रकाशाची थरथर घनतेच्या थरथरीच्या निम्मी किंवा त्याहून कमी असते, तो फॅक्टर अणुभौतिकीतून काढावा लागतो, आणि बीम स्वतः डुगडुगत असेल तर सगळेच चॅनल एकदम हलतात.

डॉप्लर बॅकस्कॅटरिंग वेगळं, तिरपा मायक्रोवेव्ह सोडायचा, कटऑफजवळून (जिथून पुढे ती लाट जाऊ शकत नाही ती जागा) ठराविक आकाराच्या भोवऱ्यांवरून तो परत येतो आणि फ्रिक्वेन्सीच्या सरकण्यावरून भोवरे किती वेगाने वाहतायत ते कळतं. वेव्हनंबर सेंटिमीटरला ५ आणि वेग सेकंदाला ५ किलोमीटर असेल तर सरकणं ४०० किलोहर्ट्झच्या आसपास. हा वाहण्याचा वेग शेजारीशेजारी बदलत असेल तर भोवरे फाटतात, १९८२ मध्ये गार्खिंगच्या आस्देक्सवर वॅग्नर यांना सापडलेल्या एच-मोडच्या (उष्णतेची गळती एकदम कमी होते ती अवस्था) मागे कडेचा असाच शिअर आहे. ईटीजीसाठी मात्र फार उंच फ्रिक्वेन्सी लागते, प्रिन्स्टनच्या एनएसटीएक्सवर २८० गिगाहर्ट्झचं स्कॅटरिंग होतं ते त्याचसाठी.

आता यातल्या दोन गोष्टी एकत्र करायची युक्ती बघा. ज्या वाटेने ईसीई ऐकतो त्याच वाटेने रिफ्लेक्टोमीटर (कटऑफवरून परत आलेल्या मायक्रोवेव्हवरून घनतेची थरथर बघणारं उपकरण) लावला, दोन्ही एकाच जागेवर आणले, तर तापमान आणि घनता यांच्यातली फेज मिळते. ही उष्णतेच्या फ्लक्सची फेज नव्हे, पण सिम्युलेशनला जोखायला फार कडक परीक्षा आहे, कारण हा आकडा टर्ब्युलन्सच्या जातीवर ठरतो आणि मोठेपणावर फारसा नाही. अ‍ॅन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डीथ्री-डीवर केलं, नंतर गार्खिंगच्या आस्देक्स अपग्रेडवरही झालं.

अशा परीक्षा कशाला हव्यात, नुसता हीट फ्लक्स जुळला की झालं की, असं वाटेल. तर नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. टर्ब्युलन्स एका क्रिटिकल ग्रेडियंटच्या खाली झोपलेला असतो आणि वर गेला की फ्लक्स एकदम चढतो. याला प्रोफाइलचा ताठपणा म्हणा. म्हणजे ग्रेडियंट दहा-पंधरा टक्के हलवला तर सिम्युलेशनचा फ्लक्स दुप्पटही होऊ शकतो. आणि ग्रेडियंट मोजण्यातली एरर तेवढी असतेच! मग इनपुट त्या एररबारमध्ये थोडं सरकवून फ्लक्स जुळवणं ही काही मोठी कमाई नाही. त्याच इनपुटला थरथरीचा आकार, फेज, भोवऱ्याची लांबी हेही जुळलं तर बोला. आणि तुलना करताना सिम्युलेशनचा कच्चा आकडा घ्यायचा नाही, त्यावर आधी तुमच्या उपकरणाची आंधळी-बहिरी नजर लावायची, म्हणजे ते किती जागा एकदम बघतं, काय त्याला दिसतच नाही, हे सगळं. सिंथेटिक डायग्नॉस्टिक म्हणतात त्याला, आणि त्याशिवाय केलेली तुलना मी तरी वाचत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण डीथ्री-डीच्या एका एल-मोड (एच-मोड नसलेली साधी अवस्था) शॉटचं. जायरो नावाच्या सिम्युलेशन कोडने अर्ध्या त्रिज्येवर फ्लक्स आणि थरथर दोन्ही बऱ्यापैकी जुळले, पण पाऊण त्रिज्येवर सिम्युलेशनमधली उष्णता प्रत्यक्षापेक्षा कित्येक पट कमी आली, थरथरही कमी. "शॉर्टफॉल" या नावाने त्यावर अनेक वर्षं वाद चालला, नंतर दुसऱ्या कोडने त्याच शॉटवर ती तफावत बरीच आटवली. एमआयटीच्या अल्काटोर सी-मॉडवर वेगळाच गुंता होता, आयनांचा फ्लक्स जुळायचा आणि इलेक्ट्रॉनचा कमी पडायचा. शेवटी आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही आकारांचे भोवरे एकाच सिम्युलेशनमध्ये घातले तेव्हा कुठे दोन्ही जुळले. पण एकेका रनला कोटीच्या वर सीपीयू-तास लागले, म्हणजे हे रोज करायचं काम नाही.

ट्रान्सपोर्ट मोजायची अजून एक रीत आहे, प्लाझ्माला टिचकी मारून बघायची. सॉटूथमुळे मधून उष्णतेची लाट निघते किंवा मायक्रोवेव्ह चालू-बंद करून आपण ती काढतो, आणि ती किती वेगाने पसरते त्यावरून डिफ्युझिव्हिटी. ही बहुतेक वेळा हिशोबातल्या आकड्यापेक्षा काही पट मोठी येते. विरोधाभास वाटतो पण नाही, हिशोब फ्लक्स भागिले ग्रेडियंट देतो आणि टिचकी त्या वक्राचा उतार देते, ताठ प्रोफाइलमध्ये उतार जास्तच असणार. यातला खरा चक्रावणारा प्रयोग टेक्स्टवरचा, १९९५ च्या सुमाराचा. लेसरने कार्बन उडवून कड थंड केली तर मधलं तापमान लगेच वाढलं! कड थंड, गाभा गरम. वीसेक वर्षं लोक म्हणत होते की लोकल ट्रान्सपोर्टची सगळी थिअरीच चुकीची आहे. २०१८ मध्ये सी-मॉडच्या डेटावर एमआयटीच्या लोकांनी दाखवलं की साध्या लोकल मॉडेलमध्येही हे होतं, कारण थंडीबरोबर घनतेचा बदलही आत सरकतो आणि गाभ्यातला टीईएम दबतो. तापमानाकडेच बघत बसलात तर हे दिसणारच नाही.

जर्मनीतल्या ग्रायफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्सचंही सांगायला हवं. तो स्टेलरेटर (प्लाझ्मातल्या करंटऐवजी पिळलेल्या कॉइल्सनी क्षेत्र तयार करणारं मशीन) निओक्लासिकल गळती कमी व्हावी असाच डिझाइन केलाय आणि ती खरंच कमी झाली, मग उरला टर्ब्युलन्स. मायक्रोवेव्हने कितीही तापवा, आयनांचं तापमान दीड किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अडकून बसायचं, आणि गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या मारून घनतेची प्रोफाइल उभी केली की काही वेळ ते वर जायचं.

फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आयटर या मोठ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकवर यातलं किती चालेल? बीमचा प्रकाश आरशांवरून आणावा लागेल आणि ते आरसे न्यूट्रॉन आणि धुळीत टिकायला हवेत, आणि तापमान २०-२५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट झालं की रिलेटिव्हिटीमुळे ईसीईची रेषा इतकी रुंदावते की मी वर सांगितलेलं ६ मिलिमीटरचं नाजूक काम गाभ्यात जमणार नाही. त्यामुळे तिथे रिफ्लेक्टोमेट्रीवर भार जास्त असेल असं मला वाटतं.

प्रश्नात शेवटी घरी करून बघण्यासारखं काही आहे का असंही विचारलंय, तर आहे. पायथनमध्ये २० लाख सॅम्पलच्या दोन स्वतंत्र नॉइजच्या माळा करा, आरएमएस १० घ्या, आणि दोन्हींत आरएमएस ०.५ चा एकच कॉमन सिग्नल मिसळा. कोरिलेशन ०.००२५ च्या आसपास यायला हवं आणि नुसत्या नॉइजचा तळ ०.०००७, म्हणजे सिग्नल दिसेल. मग सॅम्पल २ लाख करा, तळ ०.००२२ वर येईल आणि तोच सिग्नल त्यात बुडेल. त्यानंतर दोन्ही माळांमध्ये ५० हर्ट्झचा बारीकसा हम घाला आणि कोरिलेशन किती छान येतं ते बघा, आणि मग तो काढायचा कसा ते शोधा.